कुंपणापलीकडे पडलेली चकती

बाजारात तिला सगळे काचवाली म्हणायचे. नवरा काच कापणारा, तिचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली तयार झालेला, आणि ही दाराशी खुर्ची टाकून गिऱ्हाईक सांभाळणारी. खिडकीचं माप घेऊन कुणी आलं की पहिला सवाल, "आतलं माप की बाहेरचं?" समोरचा गोंधळला की, "जा, बायकोला विचारून या. तुमच्या घरात माप तीच घेत असणार." फटकळ बाई. पण तिनं लिहून घेतलेल्या मापाची काच कधी चौकटीत अडकली नाही की सैल बसली नाही, म्हणून लोक बोलणी खाऊनही तिच्याकडेच यायचे.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांचा जीव दुकानाच्या मधोमध असलेल्या लांब टेबलात. त्यावर जाड कापड ताणलेलं, एका कडेला लाकडी पट्टी. मास्तर काच कापायचं चाकाचं हत्यार, ज्याला सगळे हिराच म्हणत, रॉकेलात बुडवायचे, पट्टीला टेकवायचे आणि एका दमात वरून खाली ओढायचे. कापड फाडावं तसा एकसारखा आवाज. मग रेघ टेबलाच्या कडेवर आणून हलकेच दाब दिला की काच दोन झालेली. दुसऱ्यांदा रेघ नाही. "काचेला एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा सांगितलं की ती चिडते," असं ते मेव्हण्याला सांगायचे आणि बायकोकडे बघून डोळा मारायचे.

दुसरा धडा त्याहून मोठा. पडणारी काच धरायची नाही. हात मागे घ्यायचा, पाय मागे घ्यायचा, आणि फुटू द्यायची. ज्यानं हा धडा सगळ्यांना दिला, त्यानंच एके दिवशी कपाटाचा आरसा गाडीतून उतरवताना घसरला म्हणून धरला. उजव्या मनगटातून आरपार गेला. डॉक्टरांनी शिरा शिवल्या, जखम भरली, पण मूठ परत आली नाही. चहाचा कप हातात घेतला की बोटं जणू दुसऱ्याची असल्यासारखी सुटायची.

टेबलावर आता मेव्हणा उभा राहू लागला. त्याला जमत होतंच. किंबहुना चांगलं जमत होतं, आणि मास्तरांना तेच बघवत नव्हतं. खुर्ची टाकून बसायचे आणि त्याच्या प्रत्येक रेघेला नाक मुरडायचे. "दाब कमी. अरे, काच कापतोयस की गाल कुरवाळतोयस?"

"भाऊजी, तुटली ना सरळ?"

"तुटली. नशिबानं."

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी एक बाई होती. तिनं सांगितलं, घरात रबरी चेंडू दाबून कंटाळा येतोय ना, मग बागेत जा. गावच्या बागेत नुकताच चकत्यांचा खेळ आला होता. जागोजागी लोखंडी खांब, खांबाला वरून साखळ्या सोडलेल्या, त्याखाली टोपली. ठरलेल्या जागेवरून प्लास्टिकची चकती फेकायची. जिथं पडेल तिथून पुढची फेक. चकती साखळ्यांना आपटून टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे निघायचं. कमी फेकींत जो पोचेल तो शहाणा. फाटकाशी पाटी होती: हा मार्ग शिकाऊ खेळाडूंसाठी आहे. खाली बारीक अक्षरात: पडलेली चकती दुसऱ्यानं उचलू नये, हातानं हलवू नये.

मास्तर पाटी वाचून जे तडकले ते घरी येईपर्यंत. "शिकाऊ! माझ्या हाताखाली शिकाऊ ठेवलेत मी. आणि ताटल्या फेकायला सांगतेय ती बया. घरात फेकल्या तर वेडा म्हणाल, बागेत फेकल्या की व्यायाम."

"घरातल्या ताटल्या मला घासाव्या लागतात," काचवाली म्हणाली. "बागेतल्याच फेका."

पण गेले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघं जाऊ लागली. टोपल्या जवळजवळ होत्या, म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं हसतखेळत पुरी करायची. अवघड अशी एकच, सातवी. तिच्या आणि फेकायच्या जागेच्या मध्ये दाट झुडपांचं कुंपण होतं. चकती त्यावरून घालवायची. पलीकडे कुठं पडली ते फेकणाऱ्याला दिसत नसे, म्हणून जोडीदारानं आधीच पलीकडे जाऊन उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं.

व्यायामवाली बाई एकदा बोलताबोलता म्हणून गेली, "सातवी एका फेकीत गाठलीत, की समजा मनगट कामाला लागलं." ती म्हणाली गमतीनं, घरात तो कोर्टाचा निकाल झाला. एके दिवशी टेबलावरून दोघांची चांगलीच जुंपली, तेव्हा मेव्हण्यानं हात जोडले. "भाऊजी, सातवी टोपली एका फेकीत गाठा आणि टेबल घ्या. मी शब्द बोलणार नाही. तोवर मला सुखानं कापू द्या."

"ठरलं. तू साक्षीदार गं," मास्तर बायकोला म्हणाले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नवऱ्याला टेबल मिळालं तर भाऊ पुन्हा हाताखाली. भावाकडे राहिलं तर नवरा खुर्चीतच कुजणार. तिला दोघंही हवे होते, आणि टेबल एकच होतं.

पहिल्यांदा ती कुंपणापलीकडे उभी राहिली त्या सकाळी मास्तरांना शर्टाची बटणं लावता आली नव्हती. तिनं लावू का म्हटल्यावर हात झटकून उघड्या शर्टानंच निघाले होते. फेकलेली चकती कुंपण कशीबशी ओलांडून झुडपांच्या मुळाशीच पडली, एखादं मेलेलं पाखरू पडावं तशी.

"कुठं पडली गं?" पलीकडून आवाज आला. त्या आवाजात मास्तर नव्हतेच. दवाखान्याच्या रांगेत नंबर विचारणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

तिनं चपलेच्या टोकानं चकती पुढे लोटली. "पुढं आलीय. या, बघा."

हातानं हलवू नये असं लिहिलं होतं. पायाचं कुणी लिहिलं नव्हतं.

मास्तर आले, त्यांनी चकतीकडे पाहिलं, मागे कुंपणाकडे पाहिलं आणि हसले. त्या दिवशी घरी पोटभर जेवले. दुकानात मेव्हण्याची एक रेघ बघून "बरी आहे" म्हणाले. एवढ्याशा सरकवण्यानं घरात एवढं ऊन पडतं, हे कळल्यावर कुठली बाई थांबेल? औषधाचा डोस वाढवावा तशी ती थोडंथोडं वाढवत गेली. एकदम नाही, काचवाली होती, मापाचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मास्तर बाजारभर सांगत सुटले. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "मास्तर, आता आमच्या ताटल्या लपवून ठेवायला हव्यात." मास्तर कप उजव्या हातात घ्यायचे आणि डाव्याचा आधार कुणाला दिसणार नाही असा द्यायचे. तिला दिसायचा.

मग एका सकाळी फेकायच्या जागेवर उभे राहून ते म्हणाले, "आज नाही पोचली तर पुरे झालं. उद्यापासून येणार नाही. हाताचाही नाद सोडला."

ती पलीकडे गेली. चकती आली, फांदीला घासली आणि तिच्यापासून बरीच अलीकडे पडली. पहिल्या दिवशी जिथं पडली होती, जवळजवळ तिथंच. तिनं पायाकडे पाहिलं. पायानं भागणारं काम नव्हतं. तिनं चकती सरळ हातानं उचलली, टोपलीत ठेवली आणि साखळ्या धरून खळाखळा हलवल्या. आवाज कुंपणापलीकडे गेला.

"लागली?"

"आत पडली, अहो! आतच पडली!"

मास्तर झुडपांना वळसा घालून धावत आले. धावत. त्यांनी टोपलीत हात घातला आणि चकती छातीशी धरली. तिचे डोळे भरले. आपली बायको आनंदानं रडतेय, असं वाटून त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल मागितलं. मेव्हण्यानं शब्द पाळला. हिरा स्वतः रॉकेलात बुडवून त्यांच्या हातात दिला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. टेबलावर व्यायामशाळेच्या भिंतीचा आरसा होता, माणसाहून उंच. मास्तरांनी पट्टी लावली. कापड फाटल्यासारखा आवाज सुरू झाला, मध्येच गेला, परत आला. ज्यानं ऐकला त्याला कळलं. मास्तरांनी रेघ कडेवर आणली, दाबली. तडा रेघ सोडून आडवा धावला आणि कोपरा खाऊन गेला.

मास्तर वळले. "टेबल हलवलंस."

"भाऊजी, मी इथं दारात आहे."

"मग आधी काहीतरी केलंस. टेबलाचा पाय ढिला केलास. टेबल सोडवेना तुला. अरे, घरात घेतलं, हातात हिरा दिला, आणि माझ्याच मुळावर उठलास!"

"तुमचा हात सुटला मध्येच. आवाज आला सगळ्यांना."

"हात? हात बरा आहे माझा! विचार हिला. हिनं डोळ्यांनी पाहिलंय. सांग गं याला."

भावानं बहिणीकडे पाहिलं. तो तिला लहानपणापासून ओळखत होता. तिच्या तोंडावर काय होतं ते त्यानं वाचलं असावं, कारण तो वाट बघत राहिला. तिचं एक वाक्य पुरलं असतं. तिनं नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. हिरा अजून मुठीत होता, आणि मुठीला डाव्या हाताचा आधार होता.

"आधी काच आवरा," ती म्हणाली. "पायाला लागेल कुणाच्या."

भावानं हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला.

मग मास्तरांनी एकट्यानं कापायला घेतलं. एक काच गेली, तेव्हा काचेत बुडबुडा होता. दुसरी गेली, तेव्हा हिऱ्याचं चाक बोथट होतं. नवं चाक आणलं, तर फरशी उतरती निघाली. टेबलाखाली पाचरी ठोकून झाल्या. तुकड्यांचं पिंप भरलं, आणि शेवटी दोष द्यायला दुकानात काही उरलं नाही. मास्तर टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तिकडं साखळ्यांत जाते, आणि इथं मेली रेघ का ओढवत नाही गं?"

"साखळ्यांत नाही गेली," ती म्हणाली. "मी ठेवली होती."

शटर अर्धं ओढून मास्तर बागेकडे चालायला लागले आणि ती मागोमाग. सातव्या टोपलीच्या जागेवर त्यांनी तिला शेजारी उभं केलं. फेकली. मग दोघं मिळून कुंपणाला वळसा घालून गेली. चकती मुळाशी, पाचोळ्यात पडली होती.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"म्हणजे तुझा भाऊ खरंच दारातच उभा होता."

"दारातच होता."

"तू मला पोराटोरांसारखं खेळवलंस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "हात नव्हता, तेव्हा मला ठाऊक होतं की हात नाही. तेवढं तरी माझं होतं."

बागेतून ते थेट मेव्हण्याकडे गेले, ती मागून. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्यानं त्याला आपल्या शेडमध्ये जागा दिली होती. मास्तर दारात उभे राहिले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ते हुकूम दिल्यासारखं बोलले. "चल. टेबल तुझं. चूक माझी होती."

मेव्हण्यानं हातातली रेघ आधी पुरी केली. "तुमच्यावर राग नाही भाऊजी. तुम्हाला खोटं दाखवलं, तुम्ही खरं धरून चाललात. तुमच्या जागी मीही तेच बोललो असतो." मग त्यानं बहिणीकडे न बघता म्हटलं, "हिला मात्र माहीत होतं. मला चोर ठरवलं जात होतं आणि ही म्हणाली, काच आवरा."

"अरे, तुझ्यासमोर त्यांचा हात—"

"ताई, तू त्यांचा हात झाकलास. झाकायला माझ्या तोंडाला काळं फासलंस." त्यानं काच कडेवर आणून दाबली. सरळ तुटली. "येणार नाही मी."

मास्तर त्या तुटलेल्या कडेकडे बघत राहिले. यावेळी नाक मुरडलं नाही.

हल्ली त्या दुकानात तयार मापाचे आरसे आणि फोटोच्या चौकटी मिळतात. मास्तर मागे बसून डाव्या हातानं चौकटीला खिळे मारतात आणि बायकोशी खिळ्यांपुरतं बोलतात. कुणी खिडकीचं माप घेऊन आलं, तर काचवाली कागद वाचते, "आतलं की बाहेरचं" हे अजून विचारते, आणि बाजाराच्या त्या टोकाचा पत्ता देते.

परवा एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "चांगला कापतो का?"

"ह्यांनीच शिकवलाय. माझा भाऊ आहे."

"सख्खा? मग इथंच का नाही बसत?"

मागची हातोडी थांबली. काचवालीला आजवर कुणी उत्तरात पकडलं नव्हतं. तिनं कागदाची घडी केली आणि माणसाच्या हातात दिली.

"जागा पुरत नाही हो," ती म्हणाली.

गिऱ्हाइकानं मान डोलावली, आणि दुकानाच्या मधोमध रिकाम्या पडलेल्या त्या लांब टेबलाला वळसा घालून तो बाहेर गेला.