चर्चशेजारचं घर

“आई, संत जोसेफला तू खाली डोकं वर पाय करून पुरलंस? म्हणजे घर विकायचं ठरलंच तर!”

ट्युलिपचे कांदे लावायला अंगण खणणारा माझा नवरा व्हिन्स मातीने माखलेली मूर्ती घेऊन स्वयंपाकघरात ओरडत होता. घराचा व्यवहार जमावा म्हणून आमच्याकडे संत जोसेफला असं उलटं पुरतात.

“शहराची परवानगी लटकलीय, म्हणून त्याला कामाला लावलं,” सूप ढवळत माझ्या सासूबाई लोरेटा म्हणाल्या.

चर्चला विद्यापीठातल्या कॅथलिक मुलांसाठी केंद्र आणि वसतिगृह बांधायचं होतं. त्यात सासूबाईंचं घर पाडावं लागणार होतं.

“बाबांचं घर त्या परक्या पोरांसाठी पाडायचं?”

“परकी? तुझ्या बाबांना पक्षाघात झाल्यावर दर रविवारी खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला कोण न्यायचं? तू शिकागोत होतास. ती पोरं आधी पायऱ्यांवरचा बर्फ काढायची, मग फुटबॉलवरून माझ्या एल्मरशी भांडत भांडत त्यांना खाली उतरवायची. त्यांच्यामुळे शेवटची दोन वर्षं तो माणूस हसला, व्हिन्स. आणि अजून ती मिस्सानंतर चर्चच्या तळघरात उभ्याउभ्या सूप पितात. बसायला जागा नाही.”

व्हिन्सने मूर्ती टेबलावर ठेवली. “मग तू राहणार कुठे?”

सासूबाईंनी गॅस बंद केला.

“घर मी चर्चलाच देणार. ईस्टरनंतर तुमच्या मागच्या खोलीत राहायला येतेय. तिथलं शिवणयंत्र हलवा.”