हाकेची जागा

"मॅडम, तुमची फ्लॉपी उघडेना," पुण्याच्या स्टुडिओतले अरेंजर फोनवर करवादले. "आमचा प्रोग्रॅम वेगळा आहे. मिडी करून पाठवा."

नगरला मी लग्नपत्रिकांच्या जोडीला कॉम्प्युटरवर गाण्यांचं नोटेशन करून द्यायचे. हे गाणं खर्डा गावच्या तात्यांचं. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. पण हे गाणं त्यांनी तापात गेलेल्या लेकीवर, सुमनवर रचलं होतं. शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबायची, तात्या "सुमे!" अशी हाक मारायचे, मगच गाणं पुढे जायचं.

"फोटू न्हाई तिचा एकबी," ते म्हणाले होते. "कॅसेटीत नाव तरी ऱ्हाऊ द्या, बाई."

म्हणून त्या जागी मी थांब्याची खूण घातली होती, कमान आणि तिच्या पोटात टिंब. वर लिहिलं होतं, 'हाक होईपर्यंत थांबा.'

आता मिडी म्हणजे काय, तर दोन्ही प्रोग्रॅमना कळणारी तेवढी एकच भाषा. कुठला सूर, कधी लागला, कधी सुटला, एवढंच तिला बोलता येतं. शब्द, खुणा, सूचना सगळं गळतं. म्हणून मी छापील कागदही कुरियरने पाठवला. फोनवर बजावलं.

"अहो, कागद कोण बघतंय? ट्यून आली ना, झालं तर मग!"

तिथे म्युझिक आधी, आवाज नंतर. वादक अरेंजरच्या प्रोग्रॅममधून निघालेले कागद वाजवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी तात्यांबरोबर गेले. हेडफोन लावून ते छान गात होते. हाकेची जागा आली. तात्यांनी श्वास घेतला. वाद्यं थांबलीच नाहीत.

त्यांनी हेडफोन काढला. "बाई, हाक कुठं मारू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टेप कापून जागा करा म्हटलं, तर ढोलकीचा ठेका तुटतो, असं अरेंजर म्हणाले. वादकांना परत बोलवा म्हटलं, तर "जमणार नाही." मी खूप भांडले. शेवटी तात्याच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई." आणि हाकेविना गायले.

कॅसेट निघाल्यावर मी खर्ड्याला गेले. तात्यांच्या बायकोने ती लावली. ती जागा आली तसं तिने पॉजचं बटण दाबलं. तात्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "सुमे!" मग तिने बटण सोडलं.

मला रडू आवरेना.

"आमचं रोजचंच हाय ह्ये," ती म्हणाली.

नोटेशन करणाऱ्यांना एवढंच सांगते. फाइल पोचली म्हणजे गाणं पोचलं असं समजू नका. कुठं थांबायचं, ते वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून सांगा.