पाणी तापवल्याचं राहिलं

फोन मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आला. नंबर आत्याचा होता, आवाज शेजारच्या हौसाबाईंचा. "बाई, रूथआत्या गेल्या. झोपेतच. तुमी या, मग पुढचं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. जानेवारीचा पहिला आठवडा होता. पुण्याहून निघून कोल्हारजवळच्या त्या वस्तीवर पोहोचायला मला साडेअकरा वाजले.

रूथआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नगरच्या एका दवाखान्यात तिने आयुष्यभर आयाचं काम केलं. निवृत्त झाल्यावर ती गावी परतली आणि ख्रिस्ती वस्तीवरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. पंचक्रोशीत तिची ओळख एका कामामुळे होती. चर्चच्या मंडळीतली एखादी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ आत्या घालायची. कोणी बोलवायला आलं की फळीवरून निळ्या काठाचं पांढरं इनॅमलचं पसरट तसराळं काढायची, त्यात पंचा, खोबरेलाची बाटली आणि कंगवा ठेवायची आणि चालू लागायची. त्या घरचा चहासुद्धा ती घेत नसे. नव्या पाळकांनी एकदा मंडळीच्या सेविकांच्या यादीत तिचं नाव घालायचं ठरवलं, तेव्हा ती म्हणाली होती, "नाव लावलं की ती ड्यूटी झाली, पाळकसाहेब. ड्यूटी लई केली. हे मला खुशीनं करू द्या."

हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. का करतेस, असं मी एकदा विचारलं होतं. ती अंगणात तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने सांगितलं, "प्रभूला क्रुसावरनं खाली उतरवलं तवा शब्बाथ लागत हुता, काम बंदीचा दिवस. न धुता, न माखता घाईघाईत कबरंत ठेवला. त्याच्या संगतीच्या बाया रविवारी सकाळी त्याला माखायला सुगंधी द्रव्यं घेऊन आल्या, तर तो तिथं न्हाई. उठला ते चांगलंच झालं. पन त्या बायांचं काम राहिलं की नाही? हातात घेऊन आलेलं तसंच माघारी न्यावं लागलं…" मग सुपातला खडा बाहेर टाकून ती म्हणाली, "ते मी करते. दुसरं काय देनार त्याला मी?"

ती मृतांशी बोलायची. "काशीबाई, हात उचलते हं. दुखलं तर सांगा." हौसाबाईंची सासू सोनाबाई ही वस्तीवरची नामांकित भांडकुदळ बाई. तिला आंघोळ घालताना आत्या म्हणाली होती, "आता तरी गप पडा, सोनाबाई. डोकं पुसू द्या." रडणाऱ्या सुनाही पदरात तोंड लपवून हसल्या. "हसा, हसा," आत्या म्हणाली, "तिला ऐकू जातंय समदं."

हे काम मी प्रत्यक्ष एकदाच पाहिलं. तेव्हा मी एका दैनिकात होते आणि ऊसतोड कामगारांवर लिहायला त्या भागात गेले होते. उसाच्या फडाजवळ, कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये पाथर्डीकडून आलेली एक तरुण बाई तापाने गेली. सोबत नवरा आणि एक म्हातारी चुलती. चुलतीचे हात थरथरत होते. कोणीतरी आत्याला निरोप दिला. वस्तीवरच्या एकाने तिला वाटेत अडवलं. "ती आपल्यातली न्हाई, आत्या."

"तू आजारी पडलास तवा मी तुला इचारलं हुतं का, कोनातला म्हनून?" आत्या म्हणाली. "सर बाजूला."

मी वही घेऊन कोपीच्या दाराशी उभी राहिले. क्रम टिपून घेतला. आधी तोंड, मग उजवा हात, डावा हात, पाठ, पाय. शेवटी केस. तेल, वेणी. एकदा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "लिहून काय येनार? हात ओले कर." मी हसले आणि लिहीत राहिले.

लेख छापून आला. पुढच्या भेटीत मी तिला तो वाचून दाखवला. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "बरं लिहिलंस. पानी तापवल्याचं राहिलं."

मी आठवून पाहिलं. मी वही उघडण्याआधीच तिने बाहेर तीन दगडांवर पातेलं चढवलं होतं. ती त्यात कोपर बुडवून पाहत होती, हेही मला दिसलं होतं. ते टिपावं असं वाटलं नव्हतं. "आत्या, ती काही बातमी नव्हे," मी म्हणाले. "आणि गेलेल्या माणसाला गार काय अन् ऊन काय?"

"तुझ्या पाठीवर गार पान्याचा तांब्या वतते, मग सांग," ती म्हणाली. विषय तिथेच संपला.

त्या मंगळवारी मी पोहोचले तेव्हा बाहेर पेटी आली होती. पाळकांना तीन वाजता दुसऱ्या गावी दफनविधी होता, त्यामुळे इथलं एकपर्यंत आटपायचं ठरलं होतं. आत खोलीत चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आंघोळ कोणीच सुरू केली नव्हती. इतकी वर्षं ते आत्याच करत आल्यामुळे कोणाला शिकावं लागलंच नव्हतं. हौसाबाईंनी फळीवरून तसराळं काढलं. आत पंचाच्या घडीत माझा लेख होता, चार घड्या घातलेला, कडा पिवळ्या पडलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "यात समदं लिवलंय म्हनायच्या त्या. तुमीच करा. त्यांना तुमच्याच हातनं पायजे हुतं. तशा बोलल्या नाहीत, पन मला ठावं हाय."

मी लेख खिडकीत उघडून ठेवला, दाराबाहेरच्या पिंपातून तसराळं भरून घेतलं आणि सुरुवात केली. हौसाबाई पांढरं लुगडं शोधायला आतल्या खोलीत गेल्या. तोंड. उजवा हात. डावा हात. प्रत्येक टप्प्यानंतर मी खिडकीशी जाऊन पुढची ओळ वाचत होते. एकही टप्पा चुकला नाही. आत्यासारखं बोलणं मात्र मला जमत नव्हतं. पायांपर्यंत आले तेव्हा हौसाबाई परत आल्या, पंचा पिळण्यासाठी त्यांनी तसराळ्यात हात घातला आणि तो तसाच पाण्यात राहिला.

"बाई… गार हाय की हे."

बाहेरून पाळकांनी विचारलं, "झालं का?" बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. गॅस त्याच खोलीत होता, आठ पावलांवर. पातेलंभर पाणी तापायला दहा मिनिटं लागली असती. कोणी अडवलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हणाले, "होतच आलंय."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. "मग निदान सांगा तरी त्यांना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "की पानी गार हाय. दचकतील."

मी सांगितलं नाही. चार बायका ऐकत होत्या, आणि मी मृतांशी बोलणाऱ्यांपैकी नाही. उरलेलं त्याच पाण्याने केलं. एक वाजता पेटी उचलली.

याला आता सहा आठवडे झाले. वृत्तपत्रात काम करताना एक सवय लागते. छापलेल्या मजकुरात चूक निघाली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा आणि पुढे जायचं. इथे खुलासा कोणाला द्यायचा, ते कळत नाही. मी उपासनेला नियमित जाणारी नाही. पण त्या रविवार सकाळच्या बायका हल्ली डोळ्यांसमोर येतात. भरलेल्या हातांनी परत फिरणाऱ्या. त्या घरी गेल्यावर त्या द्रव्यांचं त्यांनी काय केलं असेल, ते कुठे लिहिलेलं नाही…

तसराळं हौसाबाईंनी माझ्याबरोबर पुण्याला दिलं. ते न्हाणीघरात बादलीशेजारी पालथं असतं. एका जागी इनॅमल उडून काळा डाग पडला आहे. रोज सकाळी मी ते सुलटं करते, गिझरचं पाणी घेते, कोपर बुडवून पाहते, बेताचं गार पाणी मिसळते आणि पुन्हा पाहते. पाणी नीट होतं. मग मी नुसती बसून राहते. वाफ आरशावर चढते, आरसा दिसेनासा होतो. हळूहळू पुन्हा दिसू लागतो, तेव्हा तसराळ्यातलं पाणी निवलेलं असतं. ते ओतून देण्याआधी मी सांगते, दार बंद असतं तरी हलक्या आवाजात, "आत्या, गार आहे हं."