फिलूचं गोव्यापर्यंतचं अंदाजपत्रक

फिलूच्या नवऱ्याने, आंतोनदादांनी, मला त्याआधी कधी फोन केला नव्हता. श्रावणातल्या त्या सकाळी मी फुलपाड्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेथी निवडून घेत होते, तेव्हा मोबाईलवर फिलूचं नाव आलं आणि पलीकडून आवाज आला तो त्यांचा. “टीचर, फिलू गेली. झोपेतच. तुम्ही या,” एवढंच म्हणाले. मी भाजीवाल्याचे पैसे दिले, रेल्वेचा पूल ओलांडून विरार पश्चिमेला आले आणि आगाशीची बस पकडली. बोळिंजच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की मेथीची जुडी अजून हातातच आहे. दफनाच्या वेळी चर्चच्या पायऱ्यांवर मला कुणी ना कुणी विचारत होतं, “तुम्ही दोघी चालत गेला होतात ना गोव्याला?” मी मान हलवत होते. खरं तर आम्ही गोव्याला पोचलो नव्हतो, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

फिलू, म्हणजे फिलोमिना, माझ्याबरोबर माणिकपूरच्या शाळेत मराठी शिकवायची आणि मी गणित. उभा जन्म एका स्टाफरूममध्ये काढला म्हटलं तरी चालेल. ती आगाशीजवळच्या ख्रिस्ती गावातली, नवऱ्याची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी. मी रत्नागिरीकडून लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये आलेली. निवृत्त व्हायच्या वर्षी एकदा डबा खाताना ती म्हणाली, “सुनंदा, आपण गोव्याला जाऊ या. चालत.” मला वाटलं, नवस असेल. तर म्हणे, “नवसबिवस काही नाही. आमच्या घरामागून समुद्र इतका सरळ खाली जातो, तर आपणही जाऊन बघू.” शिक्षकांना निवृत्तीच्या तोंडावर असले झटके येतात हे मला ठाऊक होतं. एकाने सतार घेतली होती आणि ती तशीच कपाटावर पडून होती. फिलूचं मात्र तसं झालं नाही, कारण तिने दुसऱ्याच दिवशी खर्चाचा विषय काढला.

हिशेब म्हटल्यावर मी खूश. बूट, पाठीवरची पिशवी, रोजचं जेवण, खाड्यांवरच्या तरींचं भाडं, औषधं... मी नेटका तक्ता करून आणला. तिने तो वाचला आणि सगळ्यात वर एक ओळ घालायला लावली, ‘मागचं’. सोनचाफा पहाटे खुडायला माणूस, केळीला पाणी सोडायला माणूस, आंतोनला दोन वेळचं जेवण, कुत्र्याचं बघणं. बेरीज केली तर ती आमच्या दोघींच्या चालण्याच्या खर्चापेक्षा जास्त निघाली. माझे यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्यात. माझ्या मागे एक कुलूप, आणि त्याला काही खायला लागत नाही. मी म्हटलं, “अगं, चालायचा खर्च कमी आणि घराबाहेर पडायचा जास्त!” ती म्हणाली, “बाईमाणसाचा तोच असतो.” मग तिने आणखी एक रक्कम बाजूला काढली, परतीची. ती एका वेगळ्या पाकिटात घातली आणि काही झालं तरी त्याला हात लावायचा नाही असं बजावलं. पायी जाणारी बाई गाडीभाडं आधी बांधून ठेवते म्हणून मी तिची पुष्कळ थट्टा केली.

राहण्याचा खर्च तिने शून्य धरला होता. वाटेत शाळा आहेत, देवळं आहेत, चर्च आहेत, आणि दोन म्हाताऱ्या बाया दारात उभ्या राहिल्या तर कोकणातला माणूस हाकलून देत नाही, असं तिचं म्हणणं. फक्त कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. म्हणून तिने सुकेळी बांधून घेतली. आमच्याकडची राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधतात, ती सुकेळी. गोड, टिकाऊ आणि जड. बूट हलके हवेत म्हणून मी दुकानं पालथी घातली होती, आणि पिशवीत मात्र केळीच केळी. निवृत्तीनंतर तिच्या फाटकापासून निघालो आणि अलिबागला पोचेपर्यंत माझे खांदे भरून आले. भूक लागली तरी ती सुकेळी खायची सोय नव्हती, कारण ती घराघरांवर मोजून घेतलेली होती.

गंमत पुढेच झाली. सुकेळी दिली की पिशवी हलकी होईल हा माझा हिशेब. पण आम्ही दोघी कोकणात वाढलेल्या, संसार केलेल्या बायका, आणि समोरचा आपल्याला रिकाम्या हाताने पाठवणार नाही हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्या घरी दोन नारळ मिळाले. पुढच्या घरी पोह्यांची पुरचुंडी, त्याच्या पुढे कोकमं, मग कुळथाचं पीठ. नको म्हटलं तर वाईट वाटतं. हरिहरेश्वर सोडल्यावर मी एका बांधावर बसले आणि म्हटलं, “फिलू, मी आता एक पाऊलही टाकणार नाही. आपण दुकान घेऊन चाललोय.” तिने पिशवी उघडली, नारळ बाहेर काढले, जरा विचार केला आणि म्हणाली, “ह्या घरचं पुढच्या घरी.” आणि खरंच, त्यानंतर आम्ही एकीचे नारळ दुसरीला, दुसरीची कोकमं तिसरीला असं देत गेलो. केळशीच्या एका आजींना कुळथाचं पीठ दिलं, तर त्या म्हणाल्या, “हे आमच्या हरिहरेश्वरच्या जावेच्या हातचं दिसतंय.” ते तिचंच होतं. आम्ही दोघी खाली बघून चहा ढवळत राहिलो. पण त्या रीतीने आमचा खर्च जवळपास थांबला आणि मला माझा तक्ता गुंडाळून ठेवावा लागला.

मालवणला पोचलो तेव्हा पाय तयार झाले होते. तिथून पुढे वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, आणि तेरेखोल आलं की गोवा. चार-पाच दिवसांची वाट. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसून तेरेखोलला पोचल्यावर काय खायचं ते ठरवत होतो आणि फिलूचा फोन वाजला. आंतोनदादा पाटाच्या पाण्यात घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. फिलू उठली, वाळू झटकली आणि ते वेगळं पाकीट काढलं. मला म्हणाली, “तू पुढे जा, एकीने तरी पुरं कर.” मी तिच्याबरोबर परत आले. त्यात त्याग वगैरे काही नव्हता; तिच्याशिवाय मी पुढच्या फाट्यापर्यंतही गेले नसते.

शस्त्रक्रिया झाली, पण आंतोनदादा पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले नाहीत. वॉकर आणला तो भिंतीला टेकून राहिला. खिडकीजवळच्या खाटेवरून ते फार तर मोरीपर्यंत जात. दर हिवाळ्यात मी उरलेल्या वाटेचा खर्च मांडून घेऊन जायची. अगदी किरकोळ रक्कम. फिलू तो वाचायची आणि ‘मागचं’ या ओळीवर बोट ठेवायची. “पाण्याला माणूस मिळतो, फुलांना मिळतो. ह्यांना उठवायला-बसवायला मी कोण ठेवू? ते दुसऱ्याच्या हातून पाणीसुद्धा पीत नाहीत.” मला त्या माणसाचा राग यायचा. एकदा मी तोंडावर म्हटलंच, “दादा, चार दिवसांचा प्रश्न आहे.” ते म्हणाले, “मी कवा अडवली टीचर? जाऊ दे ना तिला.” आणि ती जायची नाही. मग मला तिचाही राग यायचा. सगळा किनारा चालून आलेली बाई चार दिवसांसाठी अडून बसली आहे हे मला बघवत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. “सुनंदा, आज तेरेखोलला पोचले.” मी म्हटलं, “ऊन लागलंय का?” दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर वाडीभोवती, घराला वळसा घालून, पायवाट पडली होती. रोज संध्याकाळी ती फेऱ्या मारत होती आणि मालवणपासूनचं अंतर त्यात मोजत होती. खिडकीपाशी आली की आत सांगायची, आता वेंगुर्ला, आता शिरोडा. आतून हाक आली तर लगेच ऐकू येईल एवढंच लांब. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, “हे काय चालणं झालं? समुद्र कुठे आहे ह्यात?” ती म्हणाली, “मागचा खर्च शून्य, वाटेतला शून्य, परतीचा शून्य. तू गणिताची ना? चूक दाखव.” हिशेब बरोबर होता, पण मी ते पोचणं मानलं नाही. खऱ्या तेरेखोलला आपण जायचंच, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. ती हो म्हणाली... ते माझ्या समाधानासाठी होतं, हे आता कळतं. तिच्या लेखी ती पोचली होती.

परवा चर्चमध्ये फिलूच्या नावाची महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती; तिला गेले होते. माणसं पांगल्यावर आंतोनदादांना भेटायला घरी गेले. पावसाने वाडीत गुडघाभर गवत माजलं होतं. फिलूची वाटही गेली असणार असं वाटलं होतं, पण ती होती, चिखलात वॉकरच्या चार पायांचे ठसे घेऊन. घराच्या मागच्या अंगाला दादा उभे होते, केळीला हात टेकून, दमलेले. मी धावले. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या टीचर, मी जातंय.” त्यांनी फिलूसारखी मालवणपासून सुरुवात केली नव्हती. ते घराच्या फाटकापासून निघाले होते, सगळी वाट चालायला. मी विचारलं, “कुठवर आलात?”

“अजून मुंबईतच हाय. लई मोठी हो ती, संपतच नाही.” वॉकर पुढे ठेवून ते थांबले. “मग मांडव्याला लाँच ना? तिकीट काय घेतात आता?”

मी सांगितलं. त्यांनी मनाशी तेवढी रक्कम खर्चात धरली आणि पुढचं पाऊल टाकलं.