अनिताच्या पिवळ्या रेघा

नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट आवळायचा पाना, हाती आला, तेव्हा बाकीच्या बाया सुट्टीचं विचारत होत्या आणि अनिता विचारत होती, "टॉर्क म्हंजे काय?" खोडच तशी. परंदवडीच्या घरी भंगारवाल्याकडून आणलेला जाडजूड इंग्रजी कोश होता. स्वयंपाक उरकला की ती त्यात डोकं घालायची आणि सासू रतनबाई कपाळावर हात मारायची.

कोशात त्या शब्दाचं घराणंच सापडलं. लॅटिनमध्ये पिळण्याचा एक शब्द. टॉर्क, टॉर्चर, डिस्टॉर्ट ही त्याचीच पोरं. हातपाय पिळले की टॉर्चर, खरं पिळून वाकडं केलं की डिस्टॉर्ट. रेंच दुसऱ्या घरचा, पण त्याच्या जुन्या अर्थात पिळणं होतं आणि फसवणंही. दिवसभर हातात धरतो ते असलं लबाडाचं पोर, म्हणून अनिता खूप हसली.

तिचा रेंच मात्र सरळमार्गी. बोल्ट पुरेसा आवळला की खट् वाजायचा. मग थांबायचं, आणि बोल्टवरून खालच्या पत्र्यापर्यंत एक पिवळी रेघ ओढायची. बोल्ट कुणी हलवला तर रेघ तुटलेली दिसते.

शेजारच्या पत्रा दाबायच्या प्रेसवर ठाकरवाडीची रूपा होती. काम भरभर व्हावं म्हणून सुपरवायझर हनुमंतने हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली प्रेसची जाळी काढून ठेवली, आणि रूपाची दोन बोटं गेली. त्याच संध्याकाळी त्याने जाळी परत बसवली आणि अनिताला बाजूला घेतलं.

"उद्या तपासणीला साहेब येतील. रूपा फोनवर बोलत होती, जाळीतून हात घातला, एवढंच सांग. नाहीतर तुझं कंत्राट संपलं."

तसं सांगितलं असतं तर रूपाला उपचाराचा खर्चही मिळाला नसता. घरी रतनबाई म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? व्हय म्हन अन् मोकळी हो." अनिता जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं. अनिता म्हणाली, "रूपाचा फोन लॉकरमधी व्हता. जाळी या भाऊंनी काढली व्हती."

हनुमंत खवळला. "फॅक्ट डिस्टॉर्ट करू नको!"

त्या शब्दानं अनिताच्या अंगाचा तिळपापड झाला. "पिळायचं काम तुमी करताय, भाऊ! पोरीची बोटं गेली, आता तिचं खरं बी पिळायचं? साहेब, ही जाळी मी आवळली व्हती. माज्या रेघा बघा."

साहेब वाकले. चारही बोल्टवर पिवळी रेघ होती, पत्र्यावरही होती, पण एकाही बोल्टवरची रेघ पत्र्यावरच्या रेघेला जुळत नव्हती.

रूपाच्या उपचाराचा खर्च कंपनीने उचलला. अनिताचं कंत्राट महिनाअखेर संपलं ते संपलंच. डबा घेऊन ती घरी आली, तर रतनबाई दारातच उभी.

"सुंब जळालं तरी पीळ जायाचा न्हाई तुजा."

"न्हाईच जानार, आत्या. वाढा आता, लय भूक लागलीय."

रतनबाईने ताटात भाकरी वाढली, आणि न मागता वर आणखी एक ठेवली.