साहेबांचा सोडा

ही गोष्ट माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ तर नाहीच नाही. डॉक्टरनं तपासताना सरळ विचारलं, तेव्हा त्यालाही मी मान हलवून 'नाही' म्हटलं होतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही समोर बसलात, आणि तुमची-माझी कुठल्या लग्नात गाठ पडायचं कारण नाही — तेवढ्यावर समजून घ्या.

पण आधी जेवणाबद्दल बोलतो. ते मला सोपं जातं.

मी शेतीपंपांच्या कंपनीत विक्री सांभाळायचो. विक्री म्हणजे काय, तर डीलर लोकांना खाऊ घालणं. सावनेर, काटोल, उमरेड, जिकडून तिकडून ते नागपूरला यायचे आणि मी त्यांना घेऊन हॉटेलं पालथी घालायचो. त्यामुळे या शहरात असं एकही हॉटेल उरलं नाही ज्याचा मला मनापासून तिटकारा नाही. सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्याभोवती उभी असलेली माणसं बघा एकदा. पोहे नावाला, वर तर्रीचा पूर, आणि शर्टावर थेंब उडाला की पदक मिळाल्यासारखा चेहरा. सावजीत बसून नाक गळेस्तोवर जेवतात आणि बाहेर येऊन सांगतात, आज काही तिखटच नव्हतं. खोटारडे. धरमपेठेतले ते कॅफे — भिंतीवर जुनी सायकल टांगली की कॉफीचा दर्जा वाढतो असं त्यांना कोणी सांगितलं? फुटाळ्यावर लोक तळ्याकडे पाठ करून मोमो गिळतात आणि घरी जाऊन म्हणतात, तळ्यावर हवा छान होती.

आणि आमचं ते 'फॅमिली रेस्टॉरंट'. भर दुपारी आत अमावास्या. मेन्यूकार्ड वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो, पडद्यांना मागच्या उन्हाळ्याचा वास, आणि फॅमिली सोडून बाकी सगळं तिथं भेटतं. तुम्ही म्हणाल, मग हा गृहस्थ सुखानं जेवायचा कुठं? तिथंच. त्याच अंधारात.

नातेवाइकांत माझं एक वाक्य फार प्रसिद्ध आहे. लग्न असो, तेरवी असो, कोणीतरी विषय काढतोच — एवढे डीलर, एवढ्या पार्ट्या, आणि तुम्ही थेंब घेत नाही? मग मी पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचो, "मी लिंबू सोड्यावर अख्खी नोकरी काढली." लोक माना डोलवायचे. बाया आपल्या नवऱ्यांकडे बघायच्या. मला ते आवडायचं — का खोटं बोलू? त्या नवऱ्यांची मला कीव यायची, आणि कीव करायला फार बरं वाटतं.

लिंबू सोडा मी घेत होतो, हे खरं आहे. त्यात व्होडका असायची. दिसायला तसाच, वास जवळजवळ नाही, वर बडीशेप खाल्ली की झालं. त्या रेस्टॉरंटमधला वेटर ऑर्डर विचारायचाही नाही, आत जाऊन नुसतं सांगायचा, साहेबांचा सोडा. पुढं पुढं काही डीलरही तोच मागायला लागले. घरी शपथा घातलेले, माळकरी, मधुमेहवाले. सगळ्यांच्या हातात लिंबू सोडा. अशी सभ्य टेबलं तुम्ही पाहिली नसतील.

माझी धाकटी बहीण मंगला सावनेरला असते. तिचा नवरा प्यायचा. उघड प्यायचा, रस्त्यानं झोकांड्या खात घरी यायचा, आणि त्यातच गेला. तो होता तेव्हा मी सावनेरला जाऊन त्याला भर अंगणात, शेजारपाजार गोळा होईपर्यंत सुनावलेलं आहे. तो खाली मान घालून ऐकायचा. एकदा मी तसाच बोलत होतो, आणि माझ्या स्वतःच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. त्याला कळलं होतं का? पिणाऱ्याला पिणारा कळतो म्हणतात. पण त्याचं कोण ऐकणार होतं?

मंगलाच्या मुलीचं, स्नेहलचं, लग्न काढलं तेव्हा मंगलानं एकच अट घातली. हुंडा-मानपान नाही, रंग-रूप नाही. मला फोनवर म्हणाली, "घरदार मी पाह्यते दादा. तू येवढंच पाहून दे, पोरगा पेते का नाही."

आमच्याकडे हे काम मामाचं असतं. पोराला जेवायला बाहेर न्यायचं, पाठीवर हात टाकायचा, 'घे गा, मामा काही कोणाला सांगत नाही' म्हणायचं आणि बघायचं, हात ग्लासाकडे कसा जातो ते. घराण्याची चौकशी एका पारड्यात आणि ही एक दुपार दुसऱ्या पारड्यात. मी कधीच न पिणारा, म्हणून माझ्या शब्दाला वजन फार. आणखी दोन-तीन घरांनी मला याच कामाला वापरलं होतं.

पोराचं नाव अमोल. हिंगण्याला एका कारखान्यात इंजिनीअर. पहिल्या भेटीतच तो मला आवडला नाही. सकाळी मी त्याला तर्री-पोहे खायला उभं केलं, तर म्हणतो, तर्री वेगळी द्या, वाटीत. नागपुरात राहून वाटीत. पोहेवाल्याला 'थँक्यू दादा' म्हणाला. द्रोण टाकायला डबा शोधत फिरला. असल्या माणसाला संसार जमतो का, असं मी मनात म्हटलं. स्नेहलचं आणि त्याचं तेव्हा फोनवर बोलणं सुरू झालं होतं, आणि पोरगी आतून खूश आहे हे मंगलानं मला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तर तो मला जास्तच पुळचट वाटला.

दुपारी त्याला घेऊन मी त्या अंधारात शिरलो. मे महिना, बाहेर डोकं भाजत होतं. बियर घेऊ म्हटलं, उन्हाळा आहे, मामा आहे सोबत, कशाला लाजतो? नाही म्हणाला. रम? नाही. पुन्हा एकदा आग्रह केला. तो हसला आणि म्हणाला, मामाजी, मी लिंबू सोडा घेतो.

परीक्षा तिथंच संपली होती. पोरगा पास. मी वेटरला हाक मारून दोन लिंबू सोडे सांगितले. 'साधे' हा शब्द मी उच्चारला नाही. विसरलो? की विसरायचं होतं? घसा कोरडा पडला होता, एवढं मला आठवतं.

वेटरनं दोन ग्लास आणून ठेवले. अमोलनं त्याचा तोंडाला लावला, आणि थांबला. ग्लास खाली ठेवला. आधी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोवर अर्धा संपवलेला होता. एका क्षणात त्याला सगळं कळलं — ते माझं प्रसिद्ध वाक्य मी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर त्यालाही ऐकवलं होतं. त्यानं ग्लास हळूच माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणाला, "मामाजी, हा तुमचा असंन." मग वेटरला साधं पाणी मागितलं.

मी काय करायला हवं होतं? हसून टाळता आलं असतं. वेटरवर ओरडता आलं असतं. मी त्याचाही ग्लास प्यालो. मग आणखी मागवला. एकदा दिसलंच आहे तर लपवायचं कोणापासून? आणि मी बोलत सुटलो. मंगलाच्या नवऱ्याच्या नकला केल्या. तो झोकांड्या कसा खायचा, अंगणात मान खाली कशी घालायचा. मंगलाच्या रडण्याची पण नक्कल केली. माझ्या बहिणीची, तिच्या होणाऱ्या जावयासमोर. तो जेवता जेवता थांबला होता, एवढंच.

बाहेर आलो तर उन्हानं डोळे मिटले. स्कूटरच्या कुलुपात चावी जाईना. त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली, मला मागे बसवलं आणि वाटेत एका रसवंतीपाशी गाडी थांबवली. ओल्या गोणपाटाच्या आडोशाला बाकावर बसवून उसाचा रस पाजला, स्वतःचा रुमाल भिजवून माझ्या शर्टावरचा रस्सा पुसला. माझे डोळे निवळेपर्यंत थांबला. मग मला घरापर्यंत नेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरवलं, कोणी पाहू नये म्हणून, स्कूटर तिथंच लावली आणि चावी हातात देताना म्हणाला, "काळजी नका करू मामाजी. मी कोणाले सांगणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला माफ केलं असतं.

मी गल्लीतून घरी चालत आलो आणि वाटभर एकच चित्र डोळ्यासमोर. हा पोरगा जावई होणार. दिवाळीला येणार, बारशाला येणार, पंगतीत माझ्यासमोर बसणार. मी म्हणणार, लिंबू सोड्यावर नोकरी काढली. सगळे माना डोलवणार. आणि हा, तर्री वाटीत घेणारा, हा आपल्या पानाकडे बघत गप्प बसणार. दर वेळी. मरेपर्यंत. मला दया दाखवणार — मला! ज्या माणसाला मी सकाळपासून तुच्छ मानत होतो, त्याच्या चांगुलपणावर मी उरलेलं आयुष्य काढायचं?

संध्याकाळी मंगलाचा फोन आला. कसा वाटला दादा, म्हणाली. आवाजात हसू होतं.

मी म्हटलं, "पेते वं तो. माह्या डोयासमोर ग्लास तोंडाले लावला त्यानं."

पाहिलंत? शब्दाला शब्द खरा. ग्लास त्यानं लावलाच होता तोंडाला. एवढी सफाई मी पंप विकतानाही दाखवली नसेल.

पलीकडचं हसू गेलं. मग म्हणाली, "बरं झालं दादा, तू होता म्हणून."

सोयरीक मोडली. मी वाट पाहत होतो की आता तो बोलेल. कोणीही बोलला असता. मध्यस्थाला, मंगलाला, निदान स्नेहलला तरी. स्नेहलनं त्याला फोन केला होता. तिनंच मला नंतर सांगितलं. तिनं विचारलं, तू प्यायलास का? त्यानं उलट विचारलं, मामाजींनी सांगितलं का? ती हो म्हणाली. मग ठीक आहे, म्हणाला, आणि फोन ठेवला.

"साधं नाही म्हणायचीपण हिंमत नाही झाली मामा त्याची," असं ती मला म्हणाली. कडवट हसली. मीही हसलो. त्यानं मला दिलेला शब्द पाळला होता, आणि ते या पृथ्वीवर फक्त मला ठाऊक होतं, आणि मी हसलो.

स्नेहलनं पुढं लग्न केलं नाही. त्याचं मला तितकं काही वाटत नाही. लग्न केलेल्यांचे मी काय सोहळे पाहिले नाहीत? वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती आता बँकेत आहे, मोठ्या जागेवर आहे, लोकांना कर्ज द्यायचं की नाही ते ठरवते. पण घर घ्यायचं तर मामाला विचारते, भाडेकरू ठेवायचा तर मामाला भेटवते. एकदा म्हणाली, "मले माणूस ओळखताच येत नाही मामा. अमोलच्या वेळेसच समजलं. मले तर तो चांगला वाटला होता." तिला चांगला वाटला होता. तिची पारख अगदी बरोबर होती, आणि ती मी तिच्याकडून काढून घेतली.

अमोल एकदा सीताबर्डीला मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर दिसला. सोबत बायको, कडेवर मुलगी. त्यानं मला वाकून नमस्कार केला. मी ओळख दाखवली नाही.

परवा स्नेहलला बढती मिळाली, म्हणून ती मला आणि मंगलाला जेवायला घेऊन गेली. नवीन जागा, सातव्या मजल्यावर, उघड्यावर. दिव्यांच्या माळा, प्लॅस्टिकचं गवत, सावजी चिकनचा पिझ्झा. त्याला सावजीही म्हणू नये आणि पिझ्झाही. मी नेहमीसारखी नावं ठेवत होतो आणि दोघी मायलेकी हसत होत्या. तेवढ्यात वेटर आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण तोच. अंधार सोडून तोही वर गच्चीवर आला होता.

स्नेहल त्याला म्हणाली, दोन लिंबू सोडे, एक बिनसाखरेचा मामांसाठी. आमचे मामा पीत नाहीत. मंगलानं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. वेटर म्हणाला, साहेबांना ओळखतो मी, आणि गेला. मी त्याला थांबवू शकलो असतो. साधा आण, एवढंच म्हणायचं होतं. ते तर कोणालाही म्हणता येतं.

ग्लास आले. स्नेहल तिच्या ग्लासातला प्यायली. तिला काही वेगळं लागलं नाही. म्हातारा आता ग्लासांची गल्लत करत नाही. मी माझा उचलला.

त्यात होती.

"कसा आहे मामा?" स्नेहलनं विचारलं. "साखर नाही ना घातली?"

"नाही," मी म्हटलं. "साधा आहे."