दोन कप आणि वरची धार

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला, भावाकडे होते. भाऊ म्हणाला, "वाटीतल्या केकच्या अक्का ना गं?" डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. महिना उलटला, तरी अक्का आठवल्या की आधी हसूच येतं...

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. न्हावऱ्याच्या आमच्या घरातलं दूधदुभतं सगळं त्यांच्या हातात. माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला दौंडच्या रेल्वे कॉलनीतून माहेरची माणसं येणार होती. खेड्यात दिलेली पोरगी कशी नांदते ते बघायलाच म्हणा ना! म्हणून मला केक करायचा होता आणि तो झकासच व्हायला हवा होता. वहिनीनं सांगितलेल्या कृतीत दूध होतं अडीचशे मिली. घरात मोजायला काय, तर रतिबाचं अर्ध्या लिटरचं माप आणि कान तुटलेला चहाचा कप. अक्कांनी मापभर पाणी घेऊन कपाकपानं ओतून पाहिलं.

"चार कप बसत्यात. म्हंजी तुझं अडीचशे झालं दोन कप. हाय काय आन् न्हाई काय!"

हिशेब चोख होता. मग त्यांनी पिठात दूध घातलं आणि प्रत्येक कपामागं वर एक धार सोडली, रतिबाला सोडायच्या तशी, चांगली घसघशीत.

"अक्का, जास्त झालं!"

"अगं, नुसतं मापाएवढं घालायचं व्हय? आपल्या दारात शोभत न्हाई ते."

कुकरात वाळूवर ठेवलेला केक काही केल्या घट्ट होईना. पाहुणे दारात, मी रडकुंडीला. अक्कांनी शांतपणे वाट्या-चमचे काढले, केक वाढून वर साय घातली आणि वहिनीला ठणकावून सांगितलं, "आमच्यात असाच करत्यात!" माझ्या आईनं दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. जाताना वहिनीनं चक्क कृती मागितली. माझी लाज अक्कांनी अशी राखली, आणि ते घर त्या दिवशी मला माझं वाटलं.

यंदा वाढदिवस करायचा नव्हता, पण लेक म्हणाली, "मोठ्या आईसाठी केक तरी करू." तिच्याकडे रेघांचा प्लास्टिकचा कप आहे. डोळा रेघेला लावून तिनं अडीचशे मिली दूध मोजलं, पिठात ओतलं. फळीवर अक्कांचा बिनकानाचा कप पालथा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, दुधाचं पातेलं पुन्हा उचललं आणि वर एक धार सोडली.

"आई," ती म्हणाली, "वाट्या काढ."